वडिलांच्या रक्तात कॅन्डिडा ऑरिस निघाली. नेहमीच्या गोळ्यांनी ती मरेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडच्या एका दादांचे वडील, वय ६८, पक्षाघातानंतर बरेच दिवस आयसीयूत आहेत. आधी लघवीच्या आणि मग रक्ताच्या कल्चरमध्ये कॅन्डिडा ऑरिस नावाची बुरशी निघाली. रिपोर्टवर फ्लुकोनाझोलपुढे ‘आर’, ॲम्फोटेरिसिनपुढेही ‘आर’, कॅस्पोफंजिनपुढे ‘एस’ (ही तिन्ही बुरशीवरची औषधं; ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, औषधाला न दबणारी, आणि ‘एस’ म्हणजे दबणारी). कॅस्पोफंजिनची इंजेक्शनं सुरू झाली आहेत आणि रोजच्या बिलाने घरचे मेटाकुटीला आलेत. अशात दादांच्या वाचनात आलं की डिप्रेशनवरची सरट्रालीन, कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन अशी स्वस्तातली जुनी औषधं प्रयोगशाळेत हीच बुरशी मारतात. वडिलांना तर ॲटोरव्हास्टॅटिन आधीपासूनच चालू होतं. मग डॉक्टर अशी औषधं का देत नाहीत? आणि ते देत नसतील तर नाकातल्या नळीतून आम्हीच गोळी कुटून दिली तर काय बिघडेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: कृपया देऊ नका. का, ते पुढे येईलच. बाकीचं उत्तर लांबतंय, कारण तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बुरशींचं काम बघते. रिपोर्टवरचे ते ‘एस’ आणि ‘आर’ आमच्या टेबलावरून जातात आणि औषध ठरवताना आयसीयूतले डॉक्टर आमच्याशी बोलतात. तेव्हा एखादं औषध ‘प्रयोगशाळेत बुरशी मारतं’ म्हणजे नेमकं काय होतं, तिथूनच सुरू करते.

आमच्याकडे तळहाताएवढी, ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते. पहिल्या खळग्यात औषध सगळ्यात जास्त, पुढच्यात त्याच्या निम्मं, त्याच्या पुढच्यात आणखी निम्मं, असं उतरत न्यायचं. प्रत्येक खळग्यात बुरशीच्या पेशी मोजून सोडायच्या आणि प्लेट ३५ अंशांवर एक दिवस ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती उजेडासमोर धरली की एका बाजूचे खळगे स्वच्छ दिसतात, दुसऱ्या बाजूचे गढूळ, तळाशी पांढरा ठिपका बसलेला. गढूळपणा जिथे थांबतो तो आकडा म्हणजे एमआयसी, म्हणजे वाढ रोखायला लागणारं कमीत कमी औषध. तुम्ही वाचता त्या बहुतेक बातम्यांच्या मुळाशी अशीच एखादी प्लेट असते. मंजूर झालेल्या हजारभर औषधांचे तयार संच विकत मिळतात; ते यंत्राने बुरशीवर टाकून बघतात आणि त्यातली काही औषधं खळगा स्वच्छ करतात. शोधनिबंध होतो, बातमी होते. त्यात गैर काही नाही, शोधाची सुरुवात अशीच व्हायला हवी.

अडचण अशी की खळग्यात मी हवं तेवढं औषध टाकू शकते, माणसाच्या रक्तात नाही. सरट्रालीनचंच बघा. कॅन्डिडा ऑरिसची वाढ रोखायला प्लेटमध्ये मिलिलिटरमागे साधारण १० मायक्रोग्रॅमच्या पुढे औषध लागतं. भरपूर डोस घेणाऱ्या माणसाच्या रक्तात ते ०.२ मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतं. डोस दुप्पट केला तरी अर्धा मायक्रोग्रॅम गाठायची मारामार. त्यातलंही सुमारे ९८ टक्के रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसलेलं. मोकळं राहतं तेवढंच कामाचं. आमच्या प्लेटमधल्या पोषकद्रवात प्रथिनं नसतात, त्यामुळे तिथे सगळंच औषध मोकळं असतं आणि आकडा दिसतो त्याहून चांगला दिसतो. त्याच प्लेटमध्ये थोडं मानवी सीरम, म्हणजे रक्तातला प्रथिनांचा द्रव, घातलं की कित्येक ‘आशादायक’ औषधांचे खळगे पुन्हा गढूळ होतात.

स्टॅटिनची गोष्ट याहून सरळ आहे. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉलसारखाच एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो आणि तो तयार होण्याची सुरुवातीची वाट माणसाच्या कोलेस्टेरॉलसारखीच आहे. स्टॅटिन त्या वाटेवर अलीकडे अडथळा घालतं, फ्लुकोनाझोल बरंच पलीकडे. म्हणून कल्पना तर्काला धरून आहे. (गंमत म्हणजे पहिलं बाजारात आलेलं स्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, ॲस्परजिलस टेरियस या बुरशीनेच बनवलेलं.) पण गोळी घेतल्यावर ॲटोरव्हास्टॅटिन रक्तात नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागतं आणि बुरशीला ते मायक्रोग्रॅममध्ये लागतं, फरक हजारपटीच्या आसपासचा. वडिलांना ते आधीपासून चालू होतं आणि तरीही बुरशी रक्तात उतरली. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

म्हणून ‘हे औषध बुरशी मारतं का’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. प्रश्न असा हवा: बुरशी जिथे बसली आहे तिथे, रुग्णाला झेपेल अशा डोसमध्ये, मोकळ्या रूपात तेवढं औषध पोहोचतं का? बातमी वाचताना हे दोन आकडे शोधा. प्लेटमध्ये किती लागलं, आणि रक्तात किती मिळतं. दुसरा आकडा बातमीत सहसा नसतोच.

आता कोणी म्हणेल, कागदावरचे आकडे म्हणजे सर्व काही नव्हे, माणसात देऊन बघायला काय हरकत आहे? दिलंय, आणि नीट दिलंय. सरट्रालीन रक्तापेक्षा मेंदूत कितीतरी पट जास्त साठते. क्रिप्टोकोकस नावाची बुरशी एचआयव्हीबाधितांच्या मेंदूच्या आवरणात शिरून जीव घेते आणि ती सरट्रालीनला कॅन्डिडा ऑरिसपेक्षा लवकर दबते. म्हणजे जागा योग्य, बुरशी योग्य, औषध स्वस्त, आणि रुग्ण आफ्रिकेतले, जिथे महागडी औषधं पोहोचत नाहीत. युगांडात आधी एक छोटा अभ्यास झाला. त्यात पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातली बुरशी सरट्रालीनमुळे जरा लवकर कमी होताना दिसली. मग ४६० रुग्णांचा मोठा अभ्यास झाला: सगळ्यांना ॲम्फोटेरिसिन आणि फ्लुकोनाझोल, निम्म्यांना वरून सरट्रालीन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, म्हणजे औषध नसलेली गोळी. १८ आठवड्यांत सरट्रालीनच्या गटात ५२ टक्के रुग्ण गेले, पोकळ गोळीच्या गटात ४६ टक्के. बुरशी कमी होण्याचा वेगही सारखाच निघाला. फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून अभ्यास मध्येच थांबवला. निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आला. व्हिएतनाममध्ये याच आजारासाठी स्तनाच्या कर्करोगावरची टॅमॉक्सिफेन दिली गेली, तीही रोजच्या २० मिलिग्रॅमऐवजी ३०० मिलिग्रॅम. बुरशी लवकर गेली नाही, उलट ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर लांबायला लागलं, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका.

यापेक्षा मला जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण वेगळं आहे आणि ते आपल्याकडच्या लोकांना जवळचं वाटेल. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडनंतरच्या काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरने, महाराष्ट्रात काय केलं ते आठवत असेल. ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं मिळत नव्हती आणि नातेवाईक चिठ्ठी घेऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत होते. त्या दिवसांत ‘लोह कमी करणारी गोळी द्या’ असा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरला होता. सल्ल्यामागे खरं विज्ञान होतं. म्युकरला लोह लागतं. डायबेटिसच्या रुग्णाचं रक्त आम्लधर्मी झालं की लोह सुटं होतं आणि बुरशीचं फावतं. थॅलसेमियाच्या मुलांच्या घरी डेफेरासिरॉक्स माहीत असतं, वारंवार रक्त चढवल्याने साठलेलं लोह ते बाहेर काढतं. २००७ मध्ये उंदरांवर दिसलं की डेफेरासिरॉक्स बुरशीची उपासमार करतं आणि उंदीर वाचतात. याच कामाचं जुनं औषध डेफेरॉक्सामिन मात्र उलटं वागायचं: बुरशी त्याच्याकडूनच लोह हिसकावून घ्यायची. डेफेरासिरॉक्सच्या बाबतीत तसं होत नव्हतं. म्हणजे कार्यकारणभाव पक्का, प्राण्यांतला पुरावा चांगला, औषध मंजूर झालेलं. आणखी काय हवं?

मग अमेरिकेत २० रुग्णांवर नीट चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाला. ॲम्फोटेरिसिन सगळ्यांना, डेफेरासिरॉक्स ११ जणांना, पोकळ औषध ९ जणांना. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. ९० दिवसांत डेफेरासिरॉक्सच्या गटातले ८२ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातले २२ टक्के. अभ्यास लहान होता, डेफेरासिरॉक्सच्या गटात कर्करोगाचे आणि पांढऱ्या पेशी घटलेले रुग्ण जास्त पडले होते, त्यामुळे औषधानेच मारलं असं कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. पण फायदा दिसला नाही एवढं नक्की, आणि म्युकरच्या रुग्णाला सुरुवातीलाच ते देण्याची हिंमत त्यानंतर कोणी समजूतदार डॉक्टर करत नाही. हे सगळं आम्हाला २०२१ च्या नऊ वर्षं आधी माहीत होतं, तरी तो सल्ला फिरतच होता.

मग हा सगळा मार्गच बोगस आहे का? मुळीच नाही. उलट बुरशीच्या उपचारांचा अर्धा इतिहास दुसऱ्या रोगांच्या औषधांनी घडवलाय. फ्लुसायटोसिन १९५७ मध्ये कर्करोगासाठी बनवलं गेलं आणि तिथे सपशेल पडलं. पडलं कारण ते सक्रिय करणारं एन्झाइम माणसाच्या पेशीत नसतं. बुरशीत असतं! ज्या कारणाने ते कर्करोगात निकामी ठरलं त्याच कारणाने ते बुरशीवर चाललं, आणि आज क्रिप्टोकोकसच्या उपचारात ते पहिल्या रांगेत आहे. न्यूमोसिस्टिस घ्या, एड्सच्या आणि केमोथेरपीच्या रुग्णांच्या फुप्फुसात होणारा. तो आधी परोपजीवी प्राणी समजला जायचा, पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस जनुकं तपासल्यावर ती बुरशी निघाली. त्याच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नसल्यामुळे आमची नेहमीची बुरशीविरोधी औषधं तिथे चालतच नाहीत. चालतं काय, तर कोट्रायमोक्साझोल: लघवीच्या जंतुसंसर्गाला द्यायचो ती स्वस्त गोळी. तिने किती जीव वाचवले असतील याची मोजदाद नाही.

आणि एक औषध तर प्लेटच्या परीक्षेत नापासच होईल असं आहे. स्पोरोट्रायकोसिस हा काटा लागून किंवा मातीतून त्वचेत शिरणाऱ्या बुरशीचा आजार. हिमाचलकडे बराच दिसतो. हातावर एक गाठ, मग तिच्या वर ओळीने आणखी गाठी. त्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोटॅशियम आयोडाइडचं संपृक्त द्रावण देतात. तपकिरी बाटली, ड्रॉपर, दुधात किंवा रसात पाच थेंबांपासून सुरुवात करायची आणि सोसेल तसे थेंब वाढवत जायचं. तोंडाला धातूसारखी चव येते, लाळ सुटते, अंगावर पुरळ उठू शकतो, थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. प्लेटमध्ये हे द्रावण बुरशीला फारसं काही करत नाही. ते शरीराच्या प्रतिकारशक्तीमार्फत काम करतं असा अंदाज आहे, नेमकं कसं ते पूर्ण उलगडलेलं नाही. पण आठवड्या-दोन आठवड्यांत गाठी बसायला लागतात हे त्वचारोगतज्ज्ञ पिढ्यान् पिढ्या बघत आलेत. म्हणजे प्लेट दोन्ही बाजूंनी फसवते. म्हणूनच तिच्या भरवशावर मी माझा रिपोर्ट लिहिते, पण उपचार लिहीत नाही.

इतका आटापिटा का करावा लागतो, तर बुरशी नात्याने आपल्याला जवळची आहे. जिवाणूच्या पेशीत आपल्यापेक्षा वेगळं बरंच असतं, त्यामुळे मारायला जागा पुष्कळ. बुरशीच्या आणि आपल्या पेशीत इतकं साम्य की तिला लागेल आणि आपल्याला लागणार नाही असा ठिकाणा शोधणं कठीण. त्यामुळे रक्तातल्या बुरशीसाठी औषधांचे गट चारच: फ्लुकोनाझोलवाले, ॲम्फोटेरिसिनवाले, कॅस्पोफंजिनवाले, आणि एकटं फ्लुसायटोसिन. पुणेकरांना कदाचित माहीत नसेल, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. तिरुमलाचार यांनी १९६० च्या सुमारास हामायसिन नावाचं बुरशीविरोधी औषध शोधलं होतं आणि ते बनवणाऱ्या जिवाणूच्या नावात पिंपरीचं नाव आहे. तेही ॲम्फोटेरिसिनच्याच घराण्यातलं. एका गटाला बुरशी सरावली की त्या गटातली सगळीच औषधं कमीअधिक गेली. कॅन्डिडा ऑरिस २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा वर्णन केली गेली, २०१३ मध्ये दिल्लीतल्या रुग्णालयांतून रक्तातल्या संसर्गाचा अहवाल आला, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वाधिक चिंतेच्या चार बुरशींत तिला बसवलं. फ्लुकोनाझोल तिच्यावर बहुधा चालतच नाही. म्हणून लोक जुनी कपाटं धुंडाळतायत, आणि धुंडाळायलाच हवीत.

आता तुमच्या वडिलांकडे येते. इथे बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि फाइल न बघता मी काही ठाम सांगणं बरोबर नाही. तरी रिपोर्टवरून जे दिसतं ते सांगते.

पहिलं म्हणजे लघवीतली बुरशी आणि रक्तातली बुरशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅथेटर लावलेल्या माणसाच्या लघवीत कॅन्डिडा निघणं हे बहुतेक वेळा नुसतं बस्तान असतं, आजार नव्हे. ताप नाही, त्रास नाही, तर कॅथेटर बदलणं किंवा काढणं एवढंच करतात. रक्तात निघाली की मात्र तो नेहमीच आजार, आणि औषध लागतंच. तुमच्याकडे रक्तात निघालीय, म्हणून कॅस्पोफंजिन सुरू करणं योग्य आहे. याच गटाची औषधं कॅन्डिडा ऑरिसवर पहिली निवड आहेत, आणि ‘एस’ आलंय ही या सगळ्यातली चांगली बातमी आहे. ‘रेझिस्टंट’ शब्दाने घाबरून जाताना ती नजरेतून सुटते. तुमच्या हातात चालणारं औषध आहे.

दुसरं, ॲम्फोटेरिसिनपुढच्या ‘आर’कडे थोडं संशयाने बघा. बऱ्याच रुग्णालयांत ही तपासणी स्वयंचलित यंत्रावर होते आणि कॅन्डिडा ऑरिसच्या बाबतीत काही यंत्रं ॲम्फोटेरिसिनचा आकडा खोटा चढा दाखवतात हे नोंदलेलं आहे. मी वर सांगितलेल्या प्लेटच्या पद्धतीने फेरतपासणी केली की काही ‘आर’ पुसले जातात. कॅस्पोफंजिन चालू असताना रक्तातून बुरशी गेली नाही तर पुढचा मोहरा ॲम्फोटेरिसिनच असेल, त्यामुळे हा आकडा खरा किती हे आजच कळलेलं बरं. तुमच्या डॉक्टरांना विचारा: ‘ॲम्फोटेरिसिनचा एमआयसी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (म्हणजे त्याच प्लेटच्या पद्धतीने) पक्का करून घेता येईल का?’ हा उर्मटपणा नाही. आम्हाला असा फोन आला तर आनंद होतो.

तिसरं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक पाडणारं: मानेतली किंवा छातीतली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली प्लास्टिकची नळी. ही बुरशी प्लास्टिकवर चिकट थर करून बसते आणि त्या थरात औषध धड शिरत नाही. लाइन तशीच ठेवून जगातलं सगळ्यात भारी औषध दिलं तरी रोज सकाळी कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह येत राहतं आणि घरच्यांना वाटतं औषध लागू पडत नाही. नळ तुंबलाय तो साफ करायचा सोडून फिनाइलच्या ब्रँडवरून वाद घालण्यासारखं आहे हे. लाइन काढता येईल का, नवीन कधी आणि कुठे घालणार, रक्ताचं कल्चर पुन्हा कधी पाठवलं, ते शुद्ध कधी आलं: हे विचारा. पहिलं शुद्ध कल्चर आल्यानंतर साधारण दोन आठवडे औषध चालतं, त्यामुळे ती तारीख बिलाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घेतलाय का तेही बघा, कारण डोळ्यात कॅस्पोफंजिन फारसं पोहोचत नाही.

पोहोचण्यावरून आठवलं. कॅस्पोफंजिन लघवीतही जवळजवळ उतरत नाही. रक्त शुद्ध होऊनही मूत्रमार्गात खरा संसर्ग शिल्लक राहिला तर अडचण होते, आणि नेमक्या अशाच कोपऱ्यात जुन्या औषधांना मला खरी संधी दिसते. नायट्रॉक्सोलिन नावाचं लघवीच्या संसर्गाचं जुनं औषध जर्मनीत अजून वापरतात. प्लेटमध्ये कॅन्डिडा ऑरिस त्याला मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमीत दबते आणि ते औषध लघवीतच उतरतं. इथे निदान जागा आणि औषध यांचा मेळ बसतोय. माणसांतला पुरावा अजून फार तोकडा आहे, म्हणून मी ते सुचवत नाहीये. पण स्टॅटिनच्या बातमीपेक्षा ही बातमी मी लक्ष देऊन वाचेन. तसंच मिल्टेफोसिन. हेही कर्करोगासाठी निघालं, मग २००२ पासून आपल्याकडे बिहारमधल्या कालाआजारासाठी (वाळूमाशीमुळे पसरणाऱ्या आजारासाठी) गोळीच्या रूपात आलं. त्याची रक्तातली पातळी बुरशीला लागणाऱ्या आकड्याच्या वर जाते. मात्र ते प्रथिनांना घट्ट चिकटतं, उलट्या होतात, गर्भाला घातक आहे आणि शरीरातून जाता जात नाही. जिथे काहीच चालत नाही अशा हट्टी बुरशीत, इतर औषधांच्या जोडीला, एकेका रुग्णात ते वापरल्याच्या नोंदी आहेत. याउलट टॅक्रोलिमस प्लेटमध्ये फ्लुकोनाझोलला सुरेख साथ देतं, पण ते मुळात प्रतिकारशक्ती दाबायचं औषध. रक्तात बुरशी असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती कोण दाबणार?

‘मग जुन्या औषधांच्या अशा चाचण्या का होत नाहीत’ असंही एकाने विचारलंय. होतात, पण कमी. पेटंट संपलेल्या गोळीमागे कोणती कंपनी पैसे घालणार? युगांडातला अभ्यास विद्यापीठांनी, सरकारी निधीवर केला. शिवाय आपल्याकडे २०१९ च्या नियमांप्रमाणे जुन्या औषधाचा नव्या रोगासाठी दावा करायचा तर ते कायद्याने ‘नवीन औषध’ ठरतं आणि रीतसर परवानगी लागते. एखादा डॉक्टर आपल्या जबाबदारीवर वेगळा वापर करू शकतो, पण त्यासाठी त्याच्याकडे कारण हवं, आणि चालणारं औषध हातात असताना ते कारण उरत नाही. तुमच्या रुग्णालयात कधी चाचणीत सहभागी होता का असं विचारलं गेलं, तर सीटीआरआयचा (भारतातल्या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक आणि नीतिसमितीची मंजुरी मागून घ्या. नीट वाचून, पटलं तर जरूर सामील व्हा.

नळीतून गोळी देण्याचं राहिलं. आयसीयूतल्या बऱ्याच रुग्णांना लिनेझोलिड हे प्रतिजैविक चालू असतं. त्यावर सरट्रालीन पडली तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: ताप चढतो, हातपाय ताठरतात, झटके येतात. पक्षाघात आणि संसर्ग असलेल्या रुग्णात ही लक्षणं दिसली तर डॉक्टर संसर्ग वाढला असंच समजतील, कारण तुम्ही गोळी दिल्याचं त्यांना ठाऊक नसेल. स्टॅटिनचंही तसंच. पुढे कधी व्होरिकोनाझोल किंवा पोसाकोनाझोल (फ्लुकोनाझोलच्याच गटातली) द्यावं लागलं तर ती औषधं ॲटोरव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी कितीतरी वाढवतात, स्नायू विरघळायला लागतात आणि मूत्रपिंड बसतं. म्हणून वडील घरी काय काय घेत होते त्याची पूर्ण यादी, आयुर्वेदिक काढ्यासकट, डॉक्टरांना दिलीय ना ते बघा. ॲटोरव्हास्टॅटिन सध्या चालू आहे की बंद केलंय तेही विचारून घ्या.

आणि पैशाचं. मला वाटतं तुमचा मूळ प्रश्न बुरशीचा कमी आणि बिलाचा जास्त आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कॅस्पोफंजिन आता भारतातल्या अनेक कंपन्या बनवतात आणि एकाच डोसच्या किमतीत ब्रँडप्रमाणे मोठी तफावत असते. ‘परवडेल असा दुसरा ब्रँड चालेल का’ हे डॉक्टरांना सरळ विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, सोबत रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. दाखल्याला वेळ लागतो, तेव्हा घरातल्या कोणाला तरी उद्याच तहसील कार्यालयात पाठवा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून त्याच फेरीत विचारून घ्या. पुढचं रक्ताचं कल्चर आलं की, नावगाव झाकून, रिपोर्ट इथे टाकलात तर एमआयसीचे आकडे मी बघून सांगेन.